पुढे पातं, मागे सुकाणू

९ मार्च

मशीन आज दारात आलं. टेम्पोवाला उतरवायला फळ्या न घेता आला होता, आणि वर मलाच विचारतो, "काका, हे खाली कसं घ्यायचं?" ज्याचा धंदाच सामान चढवायचा-उतरवायचा, त्याने हे गिऱ्हाइकाला विचारावं. शेवटी मीच परसदारचं दार बिजागऱ्यांवरून काढलं, त्याचा उतार केला आणि मशीन खाली घेतलं. दार परत बसवल्यावर बायको म्हणाली, आता ते खालून घासतंय. घासणारच. ते आधीही घासत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

मशीन काय आहे ते नीट लिहून ठेवतो, कारण या गल्लीत कुणाला सांगून कळणार नाही. गवत कापायचं, वर बसून चालवायचं. पण साधं नव्हे. साध्या मशीनची पाती पोटाखाली असतात. याची पुढे आहेत, चालवणाऱ्याच्या पावलांच्याही पुढे, एका मोठ्या उपड्या तव्याखाली. इंजिन पाठीशी. पुढची चाकं ओढतात आणि वळतात ती मागची. त्यामुळे तवा बाकाखाली, कुंपणाखाली, झाडाच्या बुंध्यापर्यंत नेता येतो आणि कापताना नजर समोर राहते. ज्याने हे काढलं तो डोकेबाज माणूस. ज्यांनी ते दोन वर्षं बंद कारखान्याच्या आवारात सडत ठेवलं, त्यांच्याविषयी न लिहिलेलं बरं. रखवालदार ते विकत होता. किल्ली फिरवून मला म्हणाला, "आवाज ऐका नुसता." मी ऐकला. मधल्या पात्याचं बेअरिंग गळा काढून रडत होतं. त्याला तो इंजिनाचा दम वाटत होता.

घेतलं कशासाठी, तेही लिहितो. बायकोचा मोठा भाऊ एका क्लबचं मैदान सांभाळतो. मी त्याला मनातल्या मनात गोगलगाय म्हणतो. हाताने ढकलायच्या मशीनमागे जन्मभर चालून त्याने उजवा गुडघा घालवला आहे. आता क्लबच्या कमिटीने सांगितलंय की सामन्यांच्या आधी मैदान वेळेत आणि नीट कापलेलं दिसलं नाही, तर काम बाहेरच्या कंपनीला देणार. काम गेलं की फाटकाजवळची त्याची खोलीही जाणार, ती कामाबरोबरचीच आहे. आणि खोली गेली की गोगलगाय पाठीवर बिऱ्हाड घेऊन येणार कुठे? माझ्या बाहेरच्या खोलीत, जिथे माझं बाक, माझी हत्यारं, माझं काम असतं. तेव्हा हा सगळा खटाटोप मी त्या खोलीसाठी करतोय. उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये.

१२ मार्च

तवा सोडवून उलटा केला. आत गवताचा इतका थर, की कुदळ लावावी लागली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता. सगळं काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडलं, प्रत्येक बोल्टखाली खडूने खूण केली. लोक कसं काम करतात ते मी पाहिलंय. सगळे बोल्ट एका डब्यात, आणि शेवटी दोन उरले की "कंपनीने जास्तीचे दिलेत".

बेअरिंग ओढायला पुलर हवा होता म्हणून कोपऱ्यावरच्या पाटीवाल्याकडे गेलो. दुकानापेक्षा पाटी मोठी, पाटीवर नावापेक्षा डिप्लोमा मोठा. त्याने मशीनचं वर्णन ऐकलं आणि म्हणाला, असली मशीन आपल्याकडे कुणी खोलत नाही, कंपनीत पाठवा. मी म्हटलं, खोललंय. त्याने विचारलं, तुम्ही शिकलात कुठे. मी म्हटलं, खोलूनच. त्यावर तो हसला आणि पुलर दिला. हे हसणं मला पंपहाउसपासून माहीत आहे. वीस वर्षं ज्या पंपांचा ठोका मी भिंतीपलीकडून ओळखत होतो, त्यांच्यावर साहेब म्हणून जे पोरगं आणून बसवलं, तेही असंच हसायचं. मी राजीनामा दिला तेव्हा मात्र हसलं नाही. समाधानाने मान हलवली.

१७ मार्च

तिन्ही बेअरिंग नवी. पाती फिरवणारा पट्टा नवा. हायड्रॉलिकचं तेल ताकासारखं पांढरं झालं होतं, म्हणजे आत पाणी गेलेलं. दोनदा धुऊन बदललं. पात्यांना धार मीच लावली, खिळ्यावर टांगून तोल बघितला. एक पातं किंचित डावीकडे झुकत होतं, ते पुन्हा घासलं. हे कुणी बघत नाही. पण न बघितलं तर तवा थरथरतो आणि मग लोक म्हणतात मशीन जुनं आहे.

बायकोने आज बॅटरी धरली. तिने धरलेला उजेड नेमका माझ्या हातावर पडतो आणि जिथे हवा तिथे सावली. एकदा म्हणाली, "दादाला जमेल ना हो हे?" मी म्हटलं, मशीन जमण्यासारखं मी करून देईन, दादाचं मी काही करू शकत नाही. तिला हसू यायला हवं होतं.

२१ मार्च

सुरू झालं. पहिल्याच किल्लीला. कुणी बघायला नव्हतं, हे नेहमीचंच.

परसात चालवून पाहिलं. मागची चाकं वळतात म्हणजे काय, हे अंगात भिनायला थोडा वेळ जातो. तोंड डावीकडे वळवलं की पाठ उजवीकडे फेकली जाते. माणूस समोर बघत असतो, तवा काटेकोर जातो, आणि मागे धडाम. पाण्याचं पिंप गेलं. मग कपडे वाळत घालायचा खांब. तो खांब कुणी त्या जागी रोवला, हा खरा प्रश्न आहे. बायको म्हणाली की तुम्हीच. असेल. तेव्हा मशीन नव्हतं.

२५ मार्च

मशीन मैदानावर नेलं. चिटणीस बघायला आला होता. क्लबचा हा चिटणीस पांढरे बूट घालतो आणि गवतावर पाय ठेवताना खाली बघून ठेवतो, जणू मैदान त्याला चावणार आहे. म्हणाला, "जुनं दिसतंय." मी म्हटलं, तुमची क्लबची इमारतही जुनी दिसते, तिला मात्र कुणी तेल घालत नाही. मेव्हण्याने माझी बाही ओढली.

मग शिकवणी. गोगलगाय वर चढायलाच इतका वेळ लावते की इंजिन गरम होऊन थंड व्हावं. आधी सीटवर हात फिरवला. मग म्हणाला, छान आहे हो. मी पुस्तिकेतलं एकेक कलम समजावलं. त्यातलं मुख्य हे: सीटखाली स्विच आहे. माणूस सीटवरून उठला की पाती आपोआप सुटतात आणि थांबतात. हातब्रेक लावलेला असेल तर इंजिन मात्र चालू राहतं. त्यामुळे तव्याच्या तोंडाशी गवत अडकलं तर ब्रेक लावून उतरायचं, पुढे जायचं, गवत काढायचं, परत बसायचं. हाताच्या मशीनवरही तो हेच करायचा, दांडा सोडला की पातं थांबे.

"म्हणजे उतरलो की थांबली. आवाज चालू असला तरी?"

"हो."

"नक्की ना, भावोजी? तव्याखालचं दिसत नाही म्हणून विचारतो."

मी म्हटलं, "दादा, मी सांगतोय ना."

एवढं त्याला पुरतं. पुस्तिका त्याने उघडूनही पाहिली नाही. माणसाने इतकं भाबडं असू नये.

३० मार्च

चिटणिसाला दाखवायला मी स्वतः एक पट्टा कापला आणि नाचक्की झाली. कापलेल्या पट्ट्यात जागोजागी शेंड्या. म्हणजे दोन हात कापलेलं, एक वीत तसंच, पुन्हा कापलेलं. चिटणीस म्हणाला, "उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय." कंपनीच्या माणसाला फोन करायची भाषा करून गेला. मेव्हणा त्याच्या मागे लंगडत फाटकापर्यंत गेला, परत येऊन मला म्हणाला की साहेब तसे वाईट नाहीत.

दिवसभर शोधलं. इंजिनाचा पट्टा ठीक, क्लच ठीक. शेवटी सापडलं. सीटची स्प्रिंग कुणा धिप्पाड माणसासाठी केलेली आहे. मी बसलो की सीट जेमतेम दबते. खड्डा आला, मी दोन बोटं उडालो की स्विचला वाटतं माणूस उठला, आणि पाती सुटतात. मशीनचा दोष, माझा नव्हे.

घरी हे सांगितलं ही चूक झाली. बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, "मांडीवर इस्त्री घेऊन बसा." मग म्हणाली, नाहीतर दादालाच चालवू द्या, त्याचं वजन आहे. तिच्या माहेरच्या सगळ्यांचं वजन आहे, फक्त शरीराचं.

स्प्रिंग मऊ करायची तर सीट उसवावी लागेल आणि भाग मिळायला महिना. मी सरळ उपाय केला. स्विचच्या दोन्ही तारा तोडून एकमेकींना जोडल्या. नुसत्या पिळल्या नाहीत, झाळल्या, वर नळी चढवली, टेप गुंडाळली. जोड हाताला लागतसुद्धा नाही. आता मशीनला वाटणार की सीटवर कायम कुणीतरी बसलेलं आहे. पट्टा पुन्हा कापला. एक शेंडी नाही.

३ एप्रिल

काल रात्री दव फार पडलं होतं. ओलं गवत कापू नये असं मी सांगितलं असतं, पण मला विचारलं कुणी? मेव्हण्याने सकाळी कापायला घेतलं. मी नि बायको पोहोचलो तेव्हा तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होता. तव्याच्या तोंडाशी ओल्या गवताचा बोळा अडकला. तो ब्रेक लावून उतरला, गुडघ्यावर हात ठेवत पुढे गेला आणि बोळा पायाने ढकलला.

बुटाचं टोक गेलं. फक्त बूट. आत बोटं होती, ती आहेत. मागे कोसळला तेव्हा दुखरा गुडघा अंगाखाली आला. मी धावत जाऊन किल्ली बंद केली. बायको मैदान ओलांडून आली, तिच्या हातातला डबा कुठे पडला कळलं नाही.

मेव्हणा बसल्या बसल्या बुटाकडे बघत होता. मग माझ्याकडे.  चिटणीस क्लबच्या पायऱ्या उतरून येत होता. मेव्हणा मोठ्याने म्हणाला, "घसरलो, साहेब. ओलं आहे ना. माझंच चुकलं."

बूट तसाही जुनाच होता. टाच झिजलेली.

४ एप्रिल

जोड काढला, स्विच होता तसा बसवला. मूळ मशीन मूळ स्थितीत असलेलं केव्हाही चांगलं, पुढे विकायचं झालं तर गिऱ्हाईक आधी हेच बघतं. एवढंच.

तीनदा तपासलं. सीटवरून उठायचं, पुढे जायचं, वाकून कान द्यायचा. थांबतात. चौथ्यांदाही तपासलं.

बायको गुडघ्याला लावायचं मलम घेऊन तिकडे गेली, ती रात्री आली. जेवण वाढलं. मी तिला स्विचचं सांगितलं, पुस्तिकेत काय लिहिलंय तेही. ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय का?" पडलं नव्हतं.

७ एप्रिल

मेव्हण्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. डॉक्टर म्हणतो, काही दिवस खाली पाय टेकायचा नाही. आणि कमिटी परवा मैदान बघायला येणार. म्हणजे कापणार मीच. आणि स्विच तर आता जागा आहे, म्हणजे पुन्हा शेंड्या.

जोड परत घालायला किती वेळ लागतो? चहा उकळायला लागतो त्याहून कमी. हत्यारं हातात होती, तारा समोर होत्या. पण एकदा केलेलं काम उलटसुलट करत बसणं ही पाटीवाल्यांची पद्धत. मी ते करत नाही.

बायकोने दुपारी जुन्या चादरीच्या दोन लांबट पिशव्या शिवल्या, मधे पट्टे. त्यात वाळू भरायची आणि खांद्यांवरून गळ्यात अडकवायची. माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या.  

९ एप्रिल

कमिटीची सहाच्या सहा डोकी क्लबच्या पायऱ्यांवर उभी, आणि मी गळ्यात वाळूच्या पिशव्या अडकवलेला, भार वाहणाऱ्या गाढवासारखा, मैदान कापतोय. एकजण हसला. चिटणिसाने विचारलं, हे काय. मी म्हटलं, तोल राखायला, परदेशात सगळे असंच करतात. त्याने मान डोलावली. या माणसाला काहीही सांगावं.

पण कापलं कसं, ते मी लिहिणारच. सरळ पट्टे, एक उजळ एक गडद, कोपऱ्यांवर मागची बाजू कुठेही न आपटता वळवलेले. कुंपणाखालचं, बाकांखालचं, खेळपट्टीच्या कडेचं, सगळं. मेव्हणा खोलीच्या दारात खुर्चीवर पाय लांब करून बघत होता. शेवटचा पट्टा संपला तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले, स्वतःच जिंकल्यासारखे.

चिटणीस गवतावरून चालत आला. खाली न बघता.

१० एप्रिल

चिटणिसाने बोलावून घेतलं. पंखा, खुर्ची, चहा. म्हणाला, कंपनीचा विचार आम्ही सोडला. मी मान हलवली. मग म्हणाला, मैदान तुम्हीच सांभाळा. मशीन तुमचं, हात तुमचा. तुमच्या मेव्हण्यांना आम्ही मानाने निरोप देऊ. साधं उतरायचं म्हटलं तर घसरून पात्यात पाय घालतो असा माणूस मशीनवर ठेवणं जोखमीचं आहे, कमिटीला हेच खटकतंय. खोलीही तुम्ही वापरा, हत्यारं ठेवायला.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

आणि मी विचार केला, का करू नये? पंपहाउसनंतर पहिल्यांदा कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. मैदानप्रमुख म्हणून दारावर नाव लावू म्हणाला. ती खोली चांगली आहे. उत्तरेचा उजेड येतो, बाक खिडकीशी बसेल.

घरी सांगितलं. बायको भांडी घासत होती. घासतच राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "दादाने अजून तो बूट टाकलेला नाही. मी टाकायला घेतला तर नको म्हणाला. कुणी उचलून बघितला तर विचारतील की उतरल्यावर पाती चालू कशी, म्हणतो."

११ एप्रिल

सकाळी मेव्हणा रिक्षा करून घरी. पाय टेकायचा नाही असं डॉक्टरने सांगितलंय, आणि हा रिक्षा करून येतो. चिटणिसाने त्यालाही सांगून टाकलं होतं. बाहेरच्या खोलीत बसला, माझ्या बाकावरचा एकेक पाना हातात घेऊन परत होता तिथेच ठेवत राहिला. निदान तेवढं त्याला जमतं.

म्हणाला, "तुम्ही घ्या, भावोजी. बाहेरच्याला जाण्यापेक्षा घरात राहिलेलं बरं. माझा गुडघा तसाही गेलाच होता."

मी विचारलं, आणि राहणार कुठे?

तो खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "मला जागा फार लागत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस भांडत का नाही? उठून विचारत का नाही की तू मला सांगितलंस एक आणि केलंस एक? मी त्याच्या जागी असतो तर हा बूट त्या चिटणिसाच्या टेबलावर आपटला असता. पण हा बसलाय, पाने लावतोय. अशा माणसांमुळेच चिटणिसासारख्यांचं फावतं. मी त्याला म्हटलं, चहा घ्या आणि जा, मला कामं आहेत. तो चहा घेऊन गेला. जाताना बहिणीला म्हणाला की भावोजींचं परवाचं काम फार देखणं झालं.

१२ एप्रिल

चिटणिसाकडे गेलो. जाताना काय बोलायचं ते ठरवलं होतं: मला गवत्या व्हायची हौस नाही, मशीन मेव्हण्याला वापरायला दिलं आहे, तो नसेल तर मशीनही नसेल. दोन वाक्यं, आणि बाहेर.

पण त्याने पुन्हा तेच काढलं. अहो, म्हणाला, जो माणूस घसरून चालत्या पात्यात पाय घालतो.

आता इथे मला राहवलं नाही. कुणाला बरं वाटावं, कुणाला वाचवावं म्हणून नव्हे. यंत्राविषयी कुणी डोळ्यांदेखत चुकीचं बोललं की मला सहन होत नाही, पंपहाउसमध्येही माझं याच्यावरूनच बिनसलं. मी म्हटलं, हे होऊच शकत नाही. सीटखाली स्विच असतो. माणूस उठला की पाती सुटतात, आणि तो उतरून पुढे जाईपर्यंत थांबलेली असतात. मग तो घसरो, लोळो, नाचो, बूट शाबूत राहतो. बूट कापला गेला याचा अर्थ एकच, स्विच जोडलेला होता. तो घसरण्याआधीच बूट कापला गेला. पडला तो त्यानंतर.

चिटणीस म्हणाला, "जोडलेला म्हणजे? कुणी जोडला?"

"मी. इतका सफाईदार जोड इथे दुसरं कोण घालणार?"

वर पंखा करकरत होता. पंख्याचंही बेअरिंग गेलंय, पण ते मी सांगितलं नाही.

"त्यांना सांगितलं होतं?"

मी म्हटलं, त्याला सांगितलं होतं की उतरलं की थांबतात. त्याने दोनदा विचारलं होतं. तो नियमाप्रमाणे वागला. ब्रेक लावून उतरला. तुमच्या अख्ख्या क्लबात सांगितलेलं तंतोतंत करणारा तोच एक माणूस आहे, आणि त्याला तुम्ही निष्काळजी म्हणून काढताय.

 चिटणिसाने ती खुर्ची, जी परवा पुढे सरकवली होती, तिच्या पाठीवर हात ठेवला. मी उठलो.

१५ एप्रिल

कमिटीचा निर्णय, चिटणिसाने तोंडी कळवला. मेव्हणा राहील, खोली राहील. मशीनही मैदानावर राहील, आधी एखाद्या शिकलेल्या मेकॅनिककडून तपासून घेऊन. आणि मी त्या मशीनला हात लावायचा नाही. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. माझ्याच मशीनला.

मी हसलो. दुसरं काय करणार.

मी चिटणिसाकडे काय बोललो ते मेव्हण्याला कुणी सांगितलं कोण जाणे. संध्याकाळी आला तर माझ्याशी हवापाण्याचं बोलला. फक्त जाताना परसदारी थांबला, हात पुढे केला, मग तो कशासाठी केला हे त्यालाच न कळल्यासारखा दारावर ठेवला. "हे खालून घासतंय हो," म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे.

बायकोने जेवताना स्वतःचंही ताट माझ्या शेजारी घेतलं. या घरात गेले काही दिवस ती नंतर जेवत होती. का, ते मला ठाऊक नाही आणि विचारायला मला वेळ नाही.

१९ एप्रिल

पाटीवाला मैदानावर गेला होता. मी कुंपणाबाहेरच्या रस्त्याने चाललो होतो, सहज. त्याने अर्धा दिवस मशीनभोवती प्रदक्षिणा घातल्या. काहीही सापडलं नाही. सापडणार कसं? शेवटी काहीतरी करायला हवं म्हणून त्याने तव्याची उंची एक घर खाली केली. आता खेळपट्टीच्या कडेला तवा जमीन खरवडेल. मी कुंपणावरून सांगितलं. तो म्हणाला, "काका, सही माझी आहे." सही करताना मात्र त्याने सीट उचलून स्विचच्या तारांवरचा माझा जोड बघितला, जो मी स्विच परत बसवताना नव्याने झाळला होता. हसला नाही.

६ मे

सामने सुरू आहेत. मैदान बरं दिसतंय. पट्टे मेव्हण्याचे, म्हणजे जरा नागमोडी. वळताना तो अजून मागे बघतो. समोर बघ, म्हणून मी कुंपणाबाहेरून ओरडतो. तो हात हलवतो, त्याला वाटतं मी शाबासकी देतोय.

रोज जात नाही. जातो ते रस्ता तिकडून जवळचा पडतो म्हणून.

२२ मे

मधलं पातं सैल झालंय. कालपासून आवाज येतोय, टक, आणि मग दम घेऊन टक. इथल्या एकाही कानाला तो ऐकू येत नाही. चिटणीस पायऱ्यांवरच उभा होता आणि डोलत होता.

मेव्हण्याने दुपारी कापणं थांबवलं. शेडमध्ये न्यायचं सोडून मशीन थेट कुंपणाला लावलं, मी उभा होतो तिथेच, तारेची जाळी सुटलीय त्या कोपऱ्यात. तवा वर उचलून ठेवला. ब्रेक लावला, किल्ली काढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिटणिसाला घेऊन चहाला गेला, आणि पाना सीटवर विसरला.

पात्याच्या बोल्टला लागतो तोच. त्याच्याखाली पातं अडवून धरायचा ठोकळा, त्याच्या शेजारी ग्रीसचा डबा, डब्यावर स्वच्छ फडकं.

असं हत्यार उघड्यावर टाकून जाणाऱ्या माणसाला काय म्हणावं. मी जाळी वर करून आत गेलो, बोल्ट आवळला, बाकीचे दोन्ही बघितले, पाटीवाल्याने खाली केलेली तव्याची उंची होती तिथे आणली. हात पुसले. पाना जिथे होता तिथेच ठेवला, नाहीतर उद्या शोधत बसेल. विसरभोळा आहे.